आत पैसे, रस्त्यावर फुकट

नाशिकच्या गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला, आमच्या कॉलनीला लागून एक मोठा मोकळा प्लॉट आहे. गणपतीच्या आधी तिथे मूर्तींचे गाळे लागतात, दिवाळीत फटाक्यांचे. एरवी बाभळी, कुणाच्या तरी मंडपाचे बांबू आणि उरलेसुरले पाइप. विकास आराखड्यात त्यावर आरक्षण आहे एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. कशाचं, ते मात्र ज्याला विचारावं तो वेगळं सांगायचा. मग पेपरच्या आतल्या पानावर बारीक टायपात जाहीर सूचना आली आणि उलगडा झाला. आरक्षण भाजी बाजार आणि वाहनतळाचं होतं. आता त्यात फेरबदल होणार, जागामालक तिथे व्यापारी संकुल, म्हणजे मॉल, बांधणार, आरक्षणापोटीचा ठरलेला भाग पालिकेला देणार आणि बाकीच्यात दुकानं काढणार. ज्यांना काही म्हणायचं असेल त्यांनी एक महिन्यात लेखी हरकती-सूचना द्याव्यात.

हा महिना महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली मिळतो. बहुतेक वेळा तो कुणाच्या लक्षात न येता निघून जातो. आमच्याकडे मात्र कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळची फुलं बंद झाली आणि हाच विषय सुरू झाला. कुणाला आवाजाची काळजी, कुणाला पाण्याच्या प्रेशरची, एका वहिनींना संकुलात बार निघेल याची. दोन दिवस हे सगळं घुसळून झाल्यावर वर लोणी आलं ते एकच: गाड्या लावणार कुठे?

बैठक समाजमंदिरात झाली. नगरसेवकांनी बोलावली होती, आणि गर्दी व्हायला तेही एक कारण होतं. मार्च 2022 मध्ये आधीच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी 2026 मध्ये निवडणूक होईपर्यंत, म्हणजे चार वर्षांना थोडे कमी, शहराचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. त्या काळात गटार तुंबलं तर ॲपवर फोटो टाकायचा, एवढाच लोकशाहीशी आमचा संबंध. आता समोर माणूस बसणार होता, ज्याला “अहो, पण मागच्या महिन्यात तुम्हीच म्हणाला होतात ना” असं म्हणता येईल. हे सुख आम्ही विसरलो होतो.

जागामालकाच्या वतीने एक तरुण आर्किटेक्ट आला होता. प्रोजेक्टरची वायर प्लगपर्यंत पोचेना, म्हणून त्याने नकाशाचा कागदच भिंतीवर सेलोटेपने चिकटवला आणि त्यामुळे त्याचं काम सोपं झालं. कागदावर बोट ठेवून बोलणाऱ्या माणसावर आपला विश्वास बसतो. त्याने नियम सांगितले. डिसेंबर 2020 पासून राज्यात एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आहे, तिच्यात दुकानांच्या क्षेत्रफळाप्रमाणे मोटारी किती आणि दुचाकी किती याचं कोष्टक आहे. मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर, दुचाकीला एक मीटर बाय दोन. “आम्ही नियमापेक्षा जास्त दिलंय साहेब,” असं तो प्रत्येक प्रश्नानंतर म्हणत होता. खोटं बोलत नव्हता. मी नकाशावरचे चौकोन जवळ जाऊन पाहिले. दोन तळघरं भरून चौकोन होते.

अडीच बाय पाच म्हणजे साडेबारा चौरस मीटर, जवळजवळ 135 चौरस फूट. जुन्या नाशकात, तिवंध्याजवळच्या वाड्यात माझ्या आजोळची खोली होती ती याहून फार मोठी नव्हती. तिच्यात चार माणसं, एक शिलाई मशीन आणि दिवाळीला आलेले पाहुणे मावत. आता तेवढी जागा एका मोटारीला, शिवाय ती आत-बाहेर काढायला वाट लागते ती धरली तर हिशेब दुप्पट होतो. तेवढ्याच चौकोनात सहा दुचाकी उभ्या राहतात. आणि आमच्या भागात खरेदीला निघणारी निम्म्याहून जास्त माणसं स्कूटीवर निघतात हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही, संध्याकाळी कोपऱ्यावर उभं राहिलं की पुरतं. तरी बैठकीत जो उठला तो मोटारींवरच बोलला.

अपवाद एकच. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले आमच्या गल्लीतले एक काका उठले आणि त्यांनी विचारलं, “पावती कुठे फाडणार?” आर्किटेक्टला प्रश्न कळला नाही. काका नकाशापाशी गेले, खिशातून पेन काढलं. “हे तुमचं गेट. इथे दांडा. इथे पोरगा पावती देणार. एका गाडीला वीस सेकंद धरा, सुट्ट्या पैशांवरून वाद झाला तर मिनिट. मागच्या गाड्या कुठे उभ्या राहणार? रस्त्यावर. म्हणजे तुमच्या दोन्ही तळघरांत जागा रिकामी आणि आमच्या रस्त्यावर रांग. दांडा खाली न्या, रॅम्प उतरल्यावर. रांग तुमच्या जागेत लागू दे.”

अख्ख्या बैठकीतली ही सर्वांत कामाची सूचना होती आणि तिला टाळी मिळाली नाही. टाळी मिळाली ती “पार्किंग दुप्पट करा!” या घोषणेला. ती नगरसेवकांनीच दिली, जाता जाता, पुढच्या कार्यक्रमाला निघताना. दुप्पट म्हणजे आणखी तळघर. आमच्याकडे वर काळी माती आणि खाली खडक. तो फोडायला महिनोन् महिने ब्रेकर चालणार आणि नंतर पावसाळाभर पंप चालणार. तिथे पंप बंद पडला की काय होतं ते सराफ बाजारातल्या दुकानदारांना विचारावं. गोदावरीला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं ते पाहतो, त्याबरोबर तळघरांकडेही पाहायला हवं. पण दुप्पट हा शब्द कानाला बरा वाटतो.

एक औषध दुकानदारही तळमळीने बोलले. मॉलचं गिऱ्हाईक त्यांच्या दारात गाडी लावून जाईल, त्यांच्या पेशंटला उतरायला जागा राहणार नाही. मुद्दा बरोबर होता. दुसऱ्या दिवशी जाहीर सूचनेची झेरॉक्स काढायला मी त्यांच्याच इमारतीत गेलो. औषधांच्या दुकानाला लागून झेरॉक्सचं दुकान, पलीकडे मोबाइलची कव्हरं, मग क्लासेसचं ऑफिस. सगळं एका ओळीत, वर चार मजले फ्लॅट. मशीन गरम होईपर्यंत मी खाली पाहत उभा होतो. दुकानात फरशीवर व्हिनाइल अंथरलेलं, कोपऱ्यात ते उचकटलेलं, आणि खाली पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा. पट्टा काटकोनात वळून काउंटरखाली जात होता. त्याच्या शेजारी अर्धा झिजलेला 7 चा आकडा.

म्हणजे मी कुणाच्या तरी सात नंबरच्या पार्किंगमध्ये उभा राहून, मॉलचं पार्किंग कमी आहे अशी हरकत घ्यायला झेरॉक्स काढत होतो.

यात त्या एका इमारतीला दोष देण्यात अर्थ नाही. कॉलेज रोड, शरणपूर रोड, कॅनडा कॉर्नर, पंडित कॉलनी, कुठेही तळमजल्याकडे निरखून पाहिलं तर खांबांच्या मधे शटर दिसेल, तळघरात गोदाम दिसेल. कारण सरळ आहे. गाड्यांसाठी सोडलेली जागा चटईक्षेत्रात, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्या हिशेबात, धरत नाहीत. नकाशात तिची किंमत शून्य, आणि रस्त्याला लागून असल्यामुळे बाजारात तिची किंमत सगळ्यांत जास्त. ज्या शहरात असा फरक पडतो तिथे कुणीतरी तो खिशात घालतोच. नाशिकला हे नवं नाही. दहाएक वर्षांपूर्वी इथे ‘कपाट प्रकरण’ गाजलं होतं. चटईक्षेत्रात न धरलेली कपाटांची जागा खोलीत घेऊन खोल्या मोठ्या केल्या, म्हणून कितीतरी इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडले आणि फ्लॅट घेऊन बसलेली माणसं हवालदिल झाली. कपाटांवर शहर वर्षभर बोलत होतं. पार्किंगच्या जागेत गेलेल्या दुकानांवर तेवढं कुणी बोललं नाही, कारण तिथून आपण सगळे दूध, वह्या आणि क्रोसिन आणतो.

म्हणून नकाशातल्या चौकोनांच्या संख्येवर भांडायला माझं मन घेत नाही. संख्या आज बरोबर आहे. दाखला मिळाल्यावर पाच वर्षांनी त्या तळघरात कुणी उतरून मोजणार आहे का, हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर त्या नकाशावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आर्किटेक्टने एकदा मेट्रोचंही नाव काढलं. लोक हसले. 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या टायरवर चालणाऱ्या मेट्रोसाठी 2092 कोटी रुपये जाहीर झाले होते, तेव्हा फटाके वाजले होते. तिचा पहिला खांब अजून कुठे उभा नाही. सिटीलिंकची बस मात्र जुलै 2021 पासून धावते आणि आमच्या कोपऱ्यावर थांबतेही. मॉलच्या नकाशात बसथांब्यापासून आत यायला पायवाट आहे का, असं मी विचारलं. होती, रॅम्पला ओलांडून. म्हणजे बसने आलेल्या बाईने पोराचा हात धरून, मोटारी खाली उतरतात त्या उतारावरून पलीकडे जायचं.

आता गंमत पाहा. या शहरातला सर्वांत जुना आणि सर्वांत चालणारा बाजार पार्किंगशिवाय चालतो. मेनरोड, दहीपूल, रविवार कारंजा, सराफ बाजार, भांडी बाजार. तिथल्या गल्ल्यांत समोरून हातगाडी आली तर स्कूटी मागे घ्यावी लागते. लग्नाचा बस्ता, सोनं, पितळेची भांडी घ्यायला अख्खा जिल्हा तिथेच येतो. मोटार खाली गाडगे महाराज पुलापाशी किंवा आणखी लांब कुठेतरी टाकायची आणि चालत चढ चढायचा. कुरकुर होते, पण कुणी बस्ता रद्द करत नाही.

उलट टोकाला आपली मिसळ. शहरातल्या गल्लीतली मिसळ गावाबाहेर मळ्यांत गेली ती चुलीवरच्या चवीसाठी, असं आपण पाहुण्यांना सांगतो. माझं मत वेगळं आहे. ती पार्किंगसाठी गेली. रविवारी सकाळी दोन मोटारी भरून निघालेल्या कुटुंबाला आधी गाडी लावायला जागा लागते, मग तर्री. मखमलाबादकडच्या किंवा गंगापूर धरणाकडच्या मळ्यात दोनशे मोटारी मावतात, झोपाळा असतो, पोरांना बैलगाडी असते, आणि जमीन अजून चौरस फुटावर विकली जात नसल्यामुळे ते परवडतं. जिथे जमीन चौरस फुटावर विकली जाते तिथे मात्र आपल्याला तीच मळ्यातली सोय हवी असते, फुकट.

इथे मूळ दुखणं आहे. बैठकीत तासभर संख्येवर बोलणं झालं आणि पैशांवर कुणी बोललं नाही. मॉलच्या तळघरात गाडी लावायला पैसे पडणार. बाहेरच्या रस्त्यावर, आमच्या गल्लीत, दवाखान्याच्या फाटकासमोर, फुकट. मग गाडी कुठे लागेल? वीस रुपये वाचवायला माणूस दोन चकरा मारेल, पेट्रोल त्याहून जास्त जाळेल, पण लावेल बाहेरच. मीही तेच करतो. तळघरं तीन केली तरी हे बदलत नाही.

मॉलवाल्यांनी पैसे घ्यावेत की नाही हा वाद जुनाच आहे. 2019 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने तिथल्या मॉल आणि मल्टिप्लेक्सना पार्किंगचे पैसे घेता येणार नाहीत असं सांगितलं, तेव्हा आपल्याकडेही बऱ्याच जणांना हुरूप आला होता. पटण्यासारखं आहे: पार्किंग द्यायचं या अटीवरच तर परवानगी मिळाली, मग तेच विकायचं कसं? पण पूर्ण फुकट केलं तर शेजारच्या ऑफिसांतली माणसं सकाळी नऊला गाड्या आणून टाकतील आणि संध्याकाळी सहाला नेतील, आणि गिऱ्हाईक पुन्हा आमच्या गल्लीत. 2006 च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात हे स्पष्ट लिहिलेलं आहे: शहरातली जमीन मौल्यवान आहे, पार्किंग त्यातली बरीच खातं, तर जागेच्या किमतीला साजेसं शुल्क लावा. धोरण दिल्लीत राहिलं. गल्लीत दर आजही शून्य.

मी बैठकीत एवढंच म्हणालो की आत पहिले दोन तास फुकट ठेवा, पुढे दर चढता ठेवा, आणि बाहेरच्या रस्त्यावर आतल्यापेक्षा जास्त दर लावा. रहिवाशांना वर्षाचा पास, त्यालाही थोडे पैसे.

पहिल्या दोन मुद्द्यांना माना हलल्या. तिसऱ्याला समाजमंदिर पेटलं. “आमच्याच दारासमोर आम्ही पैसे द्यायचे?” “घरपट्टी कशाची भरतो मग?” “आधी टोइंगवाल्यांना आवरा.” एका तरुणाने विचारलं, “काका, तुम्ही मॉलच्या बाजूचे का?” बरेच प्रश्न रास्त होते. पण दारासमोरचा रस्ता आपला, ही समजूत आपल्यात किती मुरलेली आहे ते त्या दिवशी कळलं. त्या रस्त्याकडेच्या 135 चौरस फुटांचं भाडं कुणी कुणाला देत नाही, तरी कुंड्या ठेवून, मोडकी खुर्ची ठेवून, वाळूचं घमेलं ठेवून आपण ती राखतो. कोपऱ्यावर गिरणाऱ्याहून मेथी-टोमॅटो घेऊन येणारी मावशी बसते, ती चार फूट जागा अडवते म्हणून दर महिन्याला तक्रार जाते. तिच्या मागे महिनाभर न हललेली, टायर बसलेली मोटार उभी आहे. तिच्याबद्दल तक्रार गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मावशीला मी नकाशाबद्दल सांगितलं, कारण तिची जागा नेमकी रॅम्पच्या तोंडाशी येते. तिने पाणी मारता मारता विचारलं, “भाजी बाजार व्हता ना तिथं?” होता, कागदावर. नव्या प्रस्तावात तो मागच्या बाजूला, तळमजल्याच्या आत जातो. “आत कोण येतंय मेथी घ्यायला,” ती म्हणाली आणि एका स्कूटीवालीला जुडी देऊ लागली. स्कूटीवाली उतरली नाही, इंजिन चालूच, मागे दोन गाड्या हॉर्न देत होत्या. आमच्या कॉलनीतलं पार्किंग खरं तर असं असतं, तीस सेकंदांचं, आणि कुठल्याच कोष्टकात न बसणारं.

आपल्याला जमत नाही असंही नाही. 2015 च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवल्या, तिथून बसने माणसं आत आणली, पुढे पायी. आता 2027 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा तेच होईल, त्याची खोदाई शहरभर चालू आहे. रामकुंडाच्या पायरीपाशी मोटार लावायला मिळावी असं कुणा भाविकाला वाटत नाही, आणि वाटलं तरी पोलीस ऐकत नाही. दोन किलोमीटर चालण्यात आपल्याला पुण्य दिसतं. चप्पल घ्यायला दोनशे पावलं चालायची म्हटली की अन्याय दिसतो.

निवेदन मी लिहायला घेतलं. काकांचा दांडा रॅम्पखाली, बसथांब्यापासून रॅम्प न ओलांडता पायवाट, दुचाकींना रस्त्याच्या पातळीवर जागा, भाजी बाजाराला रस्त्याकडे तोंड, आणि दाखला दिल्यावर दरवर्षी तळघराची तपासणी करून तिचा निकाल दर्शनी भागात लावायचा. यावर कॉलनीत वाद नव्हता. औषध दुकानदारांनी तपासणीच्या ओळीवर जरा वेळ बोट ठेवलं, मग “मॉलपुरतंच ना?” असं विचारलं. मी म्हटलं, लिहिलंय तरी मॉलपुरतंच. शेवटचं कलम रस्त्यावरच्या दराचं होतं.

“ते काढा, आत्ता सह्या करतो,” असं मला प्रत्येक दारात ऐकायला मिळालं. काकांनी चहा दिला, कलम दोनदा वाचलं आणि म्हणाले, “बरोबर आहे हो तुमचं. पण माझ्या जावयाची गाडी रविवारी इथेच लागते.” माझ्या बायकोने सही करायला पेन उघडलं, मग विचारलं, “आपल्या दुसऱ्या गाडीलाही?” हो म्हटल्यावर पेन मिटलं.

शेवटी दोन निवेदनं गेली. एक कॉलनीचं, शेवटचं कलम वगळून, मागे सह्यांची पानं. दुसरं माझं, सगळ्या कलमांसकट. आवक टेबलावरच्या बाईंनी दोन्ही पत्ते पाहिले, दोन्हींवर शिक्के मारले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“एकाच कॉलनीचे ना? भांडण आहे का काही?”

“नाही हो ताई,” मी म्हटलं, “पार्किंग आहे.”